मानधन

कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशांसाठी मराठीत कितीतरी शब्द आहेत. पगार, वेतन, मजुरी, रोज, बिदागी, दक्षिणा, मेहनताना, भत्ता. यातला कुठलाही शब्द उच्चारला की देणारा कोण, घेणारा कोण आणि कोणाचा हात वर, हे लगेच कळतं. मजुरी ठरवून घेतात, प्रसंगी भांडून घेतात. दक्षिणा मागायची नसते, यजमान देईल ती घ्यायची. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो, आणि नाही आला तर एचआरला मेल जातो.

या यादीतला सगळ्यात सभ्य शब्द म्हणजे मानधन. व्याख्यानमालेतला वक्ता, कविसंमेलनातला कवी, एकांकिका स्पर्धेचा परीक्षक यांना मानधन मिळतं. शाल, श्रीफळ आणि एक पाकीट. पाकिटात किती आहे ते तिथल्या तिथे उघडून बघायचं नाही. यामागे एक गृहीतक असतं की या माणसाचं पोट या पाकिटावर चालत नाही. त्याचं घर दुसऱ्या कशावर तरी चालतं, इथे तो आपल्या प्रेमाखातर आला आहे आणि आपण त्याचा मान राखतो आहोत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज सकाळी तांदूळ निवडणारी, चूल किंवा गॅस पेटवणारी, शंभर पोरांना खिचडी वाढणारी आणि नंतर ती भांडी घासणारी बाई, तिला सरकार जे देतं त्याचंही नाव मानधनच आहे. शाल-श्रीफळ मात्र नाही. प्रश्न असा आहे की हा शब्द इथे आला कसा, आणि तो काय काम करतो?

हिशोब

आधी आकडे बघू. शाळेत जेवण देण्याची केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत मुलांना कोरडं धान्यच मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झालं. २०१५ च्या नियमांनुसार सलग तीन दिवस जेवण मिळालं नाही तर जबाबदारी निश्चित करावी लागते. २०२१ पासून योजनेचं नाव पीएम पोषण आहे. देशभरात साधारण २५ लाख स्वयंपाकी आणि मदतनीस हे काम करतात, त्यातल्या बहुसंख्य बायका आहेत. पटावर २५ पर्यंत मुलं असतील तर एक जण, १०० पर्यंत दोन, पुढे दर शंभराला आणखी एक, असं प्रमाण आहे.

२००९ साली केंद्राने त्यांचं मानधन ठरवलं: महिन्याला १००० रुपये, वर्षातले १० महिने. बहुतेक राज्यांत यातले ६०० केंद्राचे आणि ४०० राज्याचे. त्यानंतर राज्यांनी आपापल्या खिशातून भर घातली. महाराष्ट्रात ते १५०० होतं, अलीकडे २५०० झालं. केरळमध्ये रोजाच्या हिशोबाने ६०० रुपयांच्या पुढे देतात. केंद्राचा हिस्सा मात्र २०२५ साल आलं तरी तोच होता, सहाशे. मधल्या काळात महागाई दुपटीहून जास्त वाढली.

महाराष्ट्रातल्या बाईचा वर्षाचा हिशोब करा. २५०० गुणिले १० म्हणजे २५ हजार रुपये. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या शाळेचे किमान २२० दिवस भरावे लागतात. म्हणजे दिवसाला ११४ रुपये. आता यावर नेहमीचं उत्तर असतं की हे पूर्ण दिवसाचं काम नाही. ठीक. २०२५-२६ साली रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तिची निम्मी १५६. म्हणजे अर्धा दिवस धरला तरी शाळेत शंभर मुलांना जेवू घालणारी बाई सरकारच्याच मातीकामापेक्षा कमी कमावते.

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो तेव्हा नात्यातल्या एका काकीशी या विषयावर बोलणं झालं. त्या बारा वर्षं हे काम करतात. मी इंजिनियरी पद्धतीने फोनमधला कॅल्क्युलेटर काढून त्यांना हा हिशोब दाखवला. "काकी, किती वाढवून मिळायला पाहिजेत तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "वाढ राहू दे रे. आधी तारीख सांगायला सांग. तीन-तीन महिन्यांचं एकदम येतं, तोवर दुकानदाराला काय सांगायचं?" मी आकड्याचा विचार करत होतो, त्या तारखेचा करत होत्या. पुढे काय लिहायचं ते मला त्यांच्या या एका वाक्याने सुचलं. तारीख मागता येणं हा पगाराचा गुण आहे. मानधनाला तारीख नसते.

हार्डकोड केलेला हजार

आम्ही प्रोग्रामर लोक एका गोष्टीला घाबरतो: कोडमध्ये थेट लिहून टाकलेला आकडा. त्या दिवशी तो बरोबर असतो. नंतर जग बदलतं, आकडा तिथेच राहतो, आणि तो बदलायची जबाबदारी कोणाचीच नसते. २००९ चा हजार रुपये हा असाच आकडा आहे.

सरकारला आकडे आपोआप वाढवता येत नाहीत असं म्हणावं, तर तसं नाही. २००९ साली खासदारांचं मूळ वेतन महिन्याला १६ हजार होतं. २०१० मध्ये ते ५० हजार झालं. २०१८ मध्ये एक लाख झालं, आणि त्याच वेळी कायद्यातच तरतूद केली गेली की दर पाच वर्षांनी ते महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढेल. त्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून ते एक लाख २४ हजार झालं. खासदारांना चांगलं वेतन असू नये असं मी म्हणत नाही, उलट ते असावं. माझा मुद्दा यंत्रणेचा आहे. एका गटाच्या पगाराची वाढ कायद्यात लिहिलेली आहे, त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. दुसऱ्या गटाच्या वाढीसाठी आझाद मैदानात बसावं लागतं. बिहारमध्ये १६५० चे ३३०० झाले ते १ ऑगस्ट २०२५ पासून, आणि विधानसभेची निवडणूक होती नोव्हेंबरमध्ये. वाढ झाली हे चांगलंच. पण जे निवडणुकीच्या तोंडावर मिळतं त्याला आपण हक्क म्हणत नाही.

ती स्वखुशीने करते ना?

या विषयावर मित्रांशी बोललं की एक मुद्दा हमखास येतो. कोणी जबरदस्ती केली आहे का? परवडत नाही तर सोडावं. हजारात करायला दुसरी तयार असेल तर बाजारभाव हजारच आहे. आमच्या क्षेत्रात नोकरी बदलून पगार वाढवायची सवय असल्यामुळे हा मुद्दा आम्हाला फार सहज पटतो.

या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच देऊन ठेवलं आहे. दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम बांधली जात होती. मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती, पण त्यातला एक रुपया जमादार कापून घ्यायचा आणि हातात सव्वाआठ यायचे. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारी. त्यामागचा विचार असा: भूक आणि गरिबी याही सक्तीच आहेत. समोर दुसरा पर्यायच नाही म्हणून जो होकार येतो, तो स्वखुशीचा नसतो.

२०२० च्या डिसेंबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हाच धागा शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत आणला. बस्ती जिल्ह्यातल्या एका स्वयंपाकी बाईला २००५ पासून काम केल्यावर २०१९ मध्ये काढून टाकलं होतं. तिच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की महिना हजार रुपयांत काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, आणि या सगळ्यांना किमान वेतन द्या. त्यानंतर उत्तर प्रदेशात मानधन २००० झालं. किमान वेतन नाही, दोन हजार. निकाल लागणं आणि पैसे हातात पडणं यात किती अंतर असतं ते यावरून दिसतं.

बाजारभावाच्या मुद्द्यात आणखी एक गोम आहे. बाजारात भाव ठरायला घेणारे अनेक लागतात. गावात शाळेसाठी स्वयंपाक करून घेणारा एकच आहे, आणि तोच कायदे करणाराही आहे. हॉटेलमालकाने आचाऱ्याला किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर त्याला नोटीस पाठवण्याचा अधिकार ज्या सरकारला आहे, ते सरकार शाळेत स्वतः तेच करतं, आणि नोटीस लागू होऊ नये म्हणून वेतनाला मानधन म्हणतं. शब्दाचं काम हे आहे. तो कामगाराला स्वयंसेविका करून टाकतो.

मान देऊन धन चुकवणं

हे आपल्याकडे नवं नाही. गावगाड्यात महाराला वतन होतं. गावाच्या शिवेचा वाद निघाला की त्याचा शब्द प्रमाण मानायचे. हा त्याचा मान. त्याबदल्यात सरकारी निरोप पोहोचवणं, सारा भरायला लोकांना बोलावून आणणं, दिवसरात्र हुकमाची वाट बघणं. मोबदला म्हणजे इनामाची तुकडाभर जमीन आणि गावकरी देतील ते बलुतं. १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्याचं विधेयक आणलं. मागणी अगदी व्यवहारी होती. कामं नक्की कुठली ते लिहा. गावकऱ्यांच्या मर्जीवर सोडलेलं बलुतं रोख रकमेत बदला आणि ती सरकारने वसूल करून द्यावी. ज्याला वतन नको असेल त्याला त्यातून मोकळं होता यावं. ते विधेयक अखेर मागे घ्यावं लागलं, आणि ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना १९४६ च्या एप्रिलमध्ये किमान वेतनाचं विधेयक मांडलं तेही आंबेडकरांनीच. १९४८ साली त्याचा कायदा झाला.

वतन आणि मानधन एकच आहेत असं मी म्हणणार नाही. वतन जन्माने चिकटायचं, मानधनाचं काम सोडता येतं. पण रचनेतलं एक साम्य मला टाळता येत नाही. दोन्हीकडे काम ठरलेलं नसतं: स्वयंपाकासाठी नेमलेल्या बाईकडून वर्ग झाडून घेतात, पाणी भरून घेतात, कधी संडासही धुवून घेतात. दोन्हीकडे मोबदला समोरच्याच्या मर्जीवर असतो. आणि दोन्हीकडे तक्रार केली की ऐकायला मिळतं, अहो हा तर तुमचा मान आहे.

काढून टाकणंही किती सोपं असतं, ते २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दिसलं. सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकी बाईच्या हातचं जेवायला नकार दिला, आणि नेमणुकीतली त्रुटी दाखवून तिलाच काढण्यात आलं. मग दलित मुलांनी दुसऱ्या बाईच्या हातचं जेवायला नकार दिला. देशभर चर्चा झाल्यावर तिला परत घेतलं. जिच्याकडे नेमणुकीचं धड पत्र नाही, तिच्यासाठी कोणता नियम कधी निघेल हे सांगता येत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने एक फरक सांगितला होता. काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू ठेवता येते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. विचार मोठा आहे, पण आपण तो उलटा वापरायला शिकलो आहोत. तुमच्या कामाला किंमत कशी लावणार, ती तर सेवा आहे, असं म्हणायचं आणि किंमत द्यायचीच नाही. अंगणवाडी सेविका, आशा सेविका, नावातच सेवा. आईची माया, अन्नपूर्णा, हे शब्द भाषणात स्वस्त पडतात.

खरे आक्षेप

कायद्याने वेतन वाढवावं या बाजूचा मी आहे. पण काही आक्षेप खरोखर जड आहेत.

पहिला पैशांचा. २५ लाख जणांना महिन्याला फक्त पाच हजार जास्त द्यायचे तर महिन्याला १२५० कोटी, वर्षाला १५ हजार कोटी. केंद्राची २०२५-२६ ची पीएम पोषणची संपूर्ण तरतूद १२,५०० कोटी होती. म्हणजे ही वाढ अख्ख्या तरतुदीहून मोठी आहे. मग हे पैसे मुलांच्या ताटातून, अंड्यातून, डाळीतून जाणार का? ही भीती खोटी नाही. पण हे त्रैराशिक मांडतानाच आपण ठरवून टाकतो की पैसा याच दोन ताटांतून यायचा, मुलाच्या किंवा बाईच्या. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर कमी केला तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असा अंदाज सरकारनेच दिला होता. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण त्या वेळी, हे कोणाच्या ताटातून जाणार, असं कोणी विचारलं नव्हतं. आणि खर्च आजही होतोच आहे. जेवण मुलाचा हक्क आहे, तो पुरवायचं कर्तव्य सरकारचं आहे, आणि त्या कर्तव्याच्या खर्चाचा एक मोठा भाग ही बाई तिच्या न मिळालेल्या मजुरीतून भरते आहे. सरकारी हक्काला सबसिडी देणारी ही देशातली बहुधा सगळ्यात गरीब देणगीदार. फक्त तो खर्च कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. वेतन वाढवायला भाग पाडलं तर सरकार पदच संपवेल. याचं उदाहरण घरातच आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित शाळांमध्ये शिपायाची पदं निवृत्तीनंतर पुन्हा न भरता त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. मुंबई-पुण्यात १० हजार, इतर महापालिकांत साडेसात हजार, ग्रामीण भागात पाच हजार. आता त्या पाच हजारांत कोणीतरी माणूस शोधायचा, घंटा त्यानेच द्यायची, कुलूपही त्यानेच लावायचं. पूर्ण वेतनश्रेणीतलं पद एका कागदाने भत्ता झालं. स्वयंपाकाचंही उद्या मध्यवर्ती स्वयंपाकघर होऊ शकतं, टेम्पोतून डबे येतील. शिवाय पगार बरा झाला की त्या जागेवर सरपंचाच्या भावजयीची नजर जाईल, आणि आज तिथे असलेली विधवा बाई बाहेर पडेल.

हे होऊ शकतं. पण यातून निघणारा निष्कर्ष 'वेतन वाढवू नका' असा नाही. शिपायाचं पद एका शासन निर्णयाने गेलं, कारण ते एका शासन निर्णयाने जाऊ शकत होतं. योजना आणि कायदा यांतला फरक महाराष्ट्राला तरी नव्याने शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी ही योजना होती. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि काम मागणारा माणूस याचक राहिला नाही. कागदावर का होईना, तो सरकारला जाब विचारू शकणारा माणूस झाला. १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच हमालांसाठी केलं. ज्यांचा मालकच ठरत नव्हता त्यांच्यासाठी मंडळ आलं, नोंदणी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. त्या कायद्याची अंमलबजावणी सगळीकडे धड होते असं नाही. पण भांडायला एक कागद आहे.

स्वयंपाकी बाईसाठी कायद्यात काय लिहावं लागेल? फार नाही. ती कामगार आहे. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केलीच होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं, म्हणजे हे काम मानसेवी आहे ही सबब न्यायालयातही टिकलेली नाही. दुसरं, तासांच्या प्रमाणात किमान वेतन, बाराही महिने, आणि खासदारांसारखीच निर्देशांकाशी जोडलेली वाढ. तिसरं, नेमणुकीचं पत्र, कामांची यादी आणि काढण्याची पद्धत, म्हणजे सरपंचाची भावजय आणि चंपावत, दोन्हींवर काही उपाय राहील. आणि चौथं, काकीची मागणी. पैसे जमा होण्याची तारीख, आणि उशीर झाला तर त्यावर व्याज.

यातल्या कुठल्याच गोष्टीने गरिबी संपणार नाही. अर्ध्या दिवसाचं किमान वेतन म्हणजे काही सुबत्ता नव्हे. बदलेल ते नातं. आज ती शिक्षण खात्यासमोर जाते तेव्हा विनंती घेऊन जाते. कायदा झाला तर थकबाकी मागायला जाईल. विनंती करणाऱ्याला नमस्कार करावा लागतो, थकबाकी मागणाऱ्याला हिशोब दाखवला की पुरतं. मान म्हणतात तो मला या दुसऱ्या परिस्थितीत जास्त दिसतो, आणि त्यासाठी रकमेच्या आधी तो शब्द लावायची गरज उरत नाही. वेतन म्हटलं तरी चालेल.